मंगळवारपर्यंतचे पाय

लोरेना : पुन्हा त्याच पायावर मारलं! पंच आंधळा आहे का? दोन्या सोइला, ओरडा ना तुमच्या पोरावर. चेंडू सोड म्हणावं.

सोइला : आईचं ऐकणारा असता तर घरी तुरीच्या शेंगा सोलत बसला असता. तूच का नाही त्याला बाहेर बसवलंस? क्लबात माणसं घेणं-विकणं तुझ्याच हातात ना?

लोरेना : घेणं-विकणं माझं, खेळवणं कोचचं. त्याच्या हातापाया पडले. सौदा ठरलाय, मंगळवारी बेल्जियमच्या क्लबचे डॉक्टर पाय तपासायला येताहेत, आजचा दिवस तुमच्या एदिसोनला बाहेर ठेव म्हटलं. तर म्हणतो, आज हरलो तर खालच्या गटात जाऊ, मग तुझ्या पैशांचं काय लोणचं घालू?

सोइला : खोटं नाही बोलला.

लोरेना : अहो, एदिसोन विकला गेला की त्या पैशांत तिघं येतात. एस्मेराल्दासचा बचावपटू, गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून कुणी विचारत नाही तो गोलकीपर... कुणाला नकोत ती पोरं आपण उचलतो, घडवतो, विकतो. तुमच्या पोराला नाही का कीतोवाल्यांनी बुटका म्हणून परत धाडलं? म्हणून तर एवढ्याशा गावाचा क्लब अजून वरच्या गटात आहे.

सोइला : आम्ही डुकरं अशीच घेतो. हडकुळं आणायचं, फुगवायचं, इबार्राच्या बाजारात न्यायचं.

लोरेना : दोन्या!

सोइला : अगं, नावं नाही ठेवत. त्याचे पहिले बूट डुकराच्याच पैशांतले.

लोरेना : तो चार नंबरचा परत निघाला बघा त्याच्यावर. मला नाही बघवत. आणि तुम्ही कशाला घाबरताय? त्याला दुखापत झाली तर तो इथंच राहील. तुम्हाला हवंच होतं की ते.

सोइला : म्हणूनच गं. रागावू नकोस, पोरी. एल किंचेच्या माउलीला नवस बोललेय. नुसता घोटा मुरगळू दे म्हटलं. डॉक्टर परत जातील एवढाच.

लोरेना : काय केलंत हे!

सोइला : थोरला ग्वायाकिलला गेला, तो आता फोनपुरता उरलाय. हा तर समुद्रापार...

लोरेना : पडला! पडला तो!

सोइला : कुठं लागलं?

लोरेना : दिसत नाही, सगळे गोळा झालेत. स्ट्रेचर आणताहेत. हलत का नाहीये हा?

सोइला : मी घोटा म्हटलं होतं. माउली, घोटाच म्हटलं होतं ना मी? परत घेते. सगळं परत घेते. पोरी, तुझे ते डॉक्टर—

लोरेना : खड्ड्यात गेले डॉक्टर! डोक्यावर तर नाही ना आपटला? धरा, माझा हात धरा.

सोइला : ऊठ रे राजा. जायचं तिथं जा, पण ऊठ.

लोरेना : थांबा... बसलाय. उठून बसलाय. पाणी मागतोय. उभा राहिला, दोन्या! लंगडतोय जरा... नाही, चालतोय नीट. धावतोय!

सोइला : बेल्जियमात थंडी फार असते का गं?