चित्रातल्या तीन गायी

हार्लेम कोतवाली, सप्टेंबर १६४१.

जबाब देणार: योस्ट एव्हर्टसेन, वय अंदाजे वीस, धंदा तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरणे, राहणार सध्या छापखान्याचा माळा; कायमचा पत्ता नाही.

समक्ष हजर होऊन सांगतो की, मी सोमवारीच यायला हवं होतं. आज जातो, उद्या जातो करत राहिलो. एकदा निघालोही, पण कालव्यात सलगमांची होडी उलटली होती, ती बघत बसलो. उद्या गायीचा लिलाव आहे असं कळलं, म्हणून आलो.

उन्हाळ्यात मी गायरानात चित्र काढत होतो. तिथं विधवा मारितये डिर्क्स यांची एक गाय चरते. त्यांचा चराईचा हक्कही एकाच गायीचा. गाय उभी होती, ती काढली. मग बसली, तशीही काढली. नंतर खंदकावर पाणी प्यायला गेली. तेव्हा वाळूच्या टेकड्यांवर असे काही ढग आले होते की... लेखनिक म्हणतात, ढग नकोत. बरं. पाणी पितानाही काढली. एकाच गायीनं कुरण ओकंबोकं दिसतं, गिऱ्हाईक घेत नाही, म्हणून तिन्ही एकाच चित्रात घातल्या.

छापलेलं चित्र गुत्त्याच्या भिंतीवर लागलं. गायरानाचे राखणदार क्लास वाउटर्स यांनी ते पाहिलं आणि ते मारितये मावशींच्या दारात आले. मी तिथंच दूध पीत होतो.

"बाकीच्या दोन कुठं लपवल्यास?"

"चित्रात. जा, धार काढून आणा," मावशी म्हणाल्या.

"हसू नको. तुझ्या गायीचं डावं शिंग मोडलंय, चित्रात तिघींचं उजवं. म्हणजे चार झाल्या!"

गाय कोंडवाड्यात गेली.

मी दिसलं तसंच पत्र्यावर कोरतो. छापताना डावं ते उजवं होतं. त्या चित्रात मोठं चर्चसुद्धा भलत्या बाजूला आहे. ते काही मावशींनी हलवलेलं नाही. हे क्लासकाकांना सांगितलं, तर म्हणाले, "चर्चला चारा लागत नाही."

मावशींचं दुधावरच चालतं. दुसरं जनावर नाही. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. गोठा मात्र रोज झाडतात. मी कुंपणावरून पाहिलं.

वरचा मजकूर लेखनिकांनी मोठ्यानं वाचला, मी ऐकला, बोललो तसाच उतरला आहे.

सहीआधी एक भर: कोंडवाड्याचा अडसर ढकलून गाय आत्ताच कोतवालीच्या दारात आली आहे. वाचन सुरू झालं तेव्हा उभी होती, आता खाली बसली. कोतवालसाहेबांनी दोन्ही वेळा खिडकीतून डोकावून पाहिलं आणि लेखनिकांना म्हणाले, "लिही. गाय एक."