बेत दजनचा झगा

(वॉटफर्ड. सुप्रभाच्या घरातलं जेवणाचं टेबल. त्यावर भरतकामाचा काळा झगा पसरलेला. तिची जुनी मैत्रीण नाहिदा इंग्रजीत बोलते; तिचं बोलणं इथे मराठीत दिलं आहे.)

अनुया : एक शब्द, आई. प्रदर्शनात झग्याखाली लावायच्या कार्डवरून फक्त एक शब्द काढायचा आहे.

सुप्रभा : 'पॅलेस्टाईन' काढायचा. आणि त्याच्या जागी काय घालायचं?

अनुया : 'मिडल ईस्टर्न एम्ब्रॉयडरी'. इट्स नॉट इव्हन राँग.

सुप्रभा : तुला कुणी विचारलं तू कुठली, तर 'उत्तर गोलार्धातली' म्हणून सांगतेस का?

नाहिदा : सुप्रभा, लेकीला बसू तरी दे. बस अनुया. हात रिकामे आहेत ना? हा चिमटा घे.

अनुया : काय करू याच्याने?

नाहिदा : ही पांढरी जाळी दिसते? काळ्या कापडावर टाके मोजता येत नाहीत. म्हणून वर जाळी टाचायची, तिच्या घरांवरून फुल्या भरायच्या, आणि शेवटी जाळीचा एकेक दोरा ओढून काढायचा.

अनुया : आणि माझ्याकडून तुटलं तर?

नाहिदा : जाळी तुटेल. टाका नाही तुटणार. तुझ्या आईने घातलाय.

सुप्रभा : ऑपरेशन थिएटरमध्ये आयुष्य गेलं माझं. माझा टाका सुटत नाही.

अनुया : ओके, पण ऐका ना दोघी. शनिवारच्या क्राफ्ट डेबद्दल एक कम्प्लेंट आली. नाव नाही, काही नाही, पण हॉलची कमिटी घाबरली. कार्ड बदला, नाहीतर काचेचं कपाट रिकामं राहील, म्हणाले. आणि मग कोणीतरी म्हणालं, सप्टेंबरचं बुकिंग पण रिव्ह्यू करायचंय, नाही का? आई, आपली मराठी शाळा त्याच हॉलमध्ये भरते. माझी अन्वी जाते तिथे. मी एवढी वर्षं चालवली ती.

सुप्रभा : म्हणजे धमकी दिली.

अनुया : नाही गं. खूप पोलाइट होते. म्हणूनच तर भीती वाटली मला.

सुप्रभा : गेल्या दिवाळीला त्याच हॉलमध्ये आपल्या रांगोळीखाली काय लिहिलं होतं?

अनुया : आई, प्लीज.

सुप्रभा : 'एशियन सँड आर्ट'. तेव्हा चेअरमनशी तावातावाने कोण भांडलं?

अनुया : ते वेगळं होतं.

सुप्रभा : काय वेगळं होतं?

अनुया : रांगोळीला कोणी घाबरत नाही.

नाहिदा : हं. हे मात्र खरं बोललीस.

अनुया : मावशी, तुम्हीच सांगा. तुमच्या आईचा ड्रेस आहे. लोकांनी तो बघावा की नाही? कार्ड छोटं असतं. कोण वाचतं?

नाहिदा : कुणी वाचत नसेल तर बदलायला का सांगतात? तुझ्या हाताखाली काय भरलंय ते बघ.

अनुया : झाड. ख्रिसमस ट्री?

सुप्रभा : शिव शिव. सुरूचं झाड आहे ते.

नाहिदा : आम्हीसुद्धा 'सरू' म्हणतो. याफाजवळ बेत दजन म्हणून गाव होतं आमचं. संत्र्याच्या बागा, आणि बागांच्या कडेने ही झाडं. बाई रस्त्याने निघाली की झग्यावरून कळायचं, ही कुठल्या गावची. अठ्ठेचाळीस साली सगळ्यांना गाव सोडावं लागलं. आई हा घालून निघाली म्हणून हा वाचला. बाकीचं घरातच राहिलं. मी जन्मले लेबनॉनच्या छावणीत. मी ते गाव पाहिलेलं नाही, अनुया. मला ते एवढंच माहीत आहे, गळ्यापासून पायापर्यंत.

अनुया : सॉरी, मावशी.

नाहिदा : सॉरी नको. दोरा ओढ. आडवे आधी.

अनुया : एक मिनिट. ड्रेस जुना आहे, मग हे नवीन भरतकाम कुठे लावणार? आणि ही बाजू उघडी का आहे? ओ माय गॉड, तुम्ही उसवला? आई, अशा वस्तूला म्युझियमवाले हात पण लावू देत नाहीत.

सुप्रभा : दोन्ही कुशींना पट्टी घालतोय. हिची आई होती काडीसारखी आणि ही झालीय माझ्यासारखी.

नाहिदा : माझ्या वेळी आईचं पोट वाढलं तेव्हा तिनेही उसवून पट्टी घातली होती. आतून बघ, पिठाच्या पोत्याचं कापड आहे. छावणीत तेच मिळायचं. तिने हा जपून ठेवला नाही, वापरला. म्हणून तर मी तत्रीज, हे आमचं भरतकाम, शिकले. घडी घालून ठेवला असता तर मला टाका कुणी दाखवला असता?

अनुया : पण कपाटात ठेवायला तो मोठा कशाला करायचा? ... मावशी, तुम्ही तो कपाटात ठेवणारच नाही आहात.

नाहिदा : कपाटातल्या झग्याला कार्ड लागतं. अंगावरच्याला लागत नाही. मी घालून येणार. लोक विचारतील, मी सांगेन. माझ्या तोंडातला शब्द काढून त्यात दुसरा कसा घालतात, ते बघते मी.

सुप्रभा : कपाटात त्यांचं कार्ड ठेवा म्हणावं. छान शोभेल.

अनुया : हे कधी ठरलं?

सुप्रभा : सकाळी तू फोनवर 'फक्त एक शब्द' म्हणालीस तेव्हा. मी चहा टाकला, हिने उसवायला घेतलं.

अनुया : आणि शाळा? हॉल गेला तर?

सुप्रभा : माझ्या बैठकीत भरव. सोफा बागेत काढू, पोरांना सतरंजीवर बसवू. पण असं गप्प बसून हॉल राखलास, तर त्या हॉलमध्ये अन्वीला काय शिकवशील? स्वतःच्या गावाचं नाव हळू घ्यायचं?

अनुया : (पुढचा दोरा ओढते.)

सुप्रभा : रागावलीस?

अनुया : नाही. दोरा अडकलाय.

नाहिदा : जोर लावू नकोस. फुलीच्या बाजूने घे. हां, असा.

अनुया : निघाला. जाळी सगळी गेली. झाड आहे तसंच आहे.

नाहिदा : जातंय कुठे ते.

अनुया : शनिवारी दारात माझी ड्युटी आहे. येणाऱ्या प्रत्येकाला मीच आत पाठवणार.

सुप्रभा : मग हिला अडवणार आहेस का?

अनुया : अडवणार नाही. विचारणार. कमिटी समोर बसलेली असेल तेव्हाच. आत्ता प्रॅक्टिस करू या. मावशी, हा ड्रेस कुठला?

नाहिदा : बेत दजनचा. याफाजवळ. पॅलेस्टाईन.

अनुया : अजून मोठ्याने, मावशी. दारापासून त्यांची खुर्ची लांब आहे.