माडीवरची राणी

आमच्या माडीची लाकडी जमीन कुणी चाललं की हलायची, आणि आमच्याकडच्या रीतीनं दसऱ्याला मांडलेल्या बाहुल्या डुलायच्या. आईनं लग्नात दिलेल्या राजा-राणीच्या बाहुल्यांतली राणी दोनदा पडली, तिचा हातही तुटला. हे म्हणाले, “अगं, सगळ्यांना चवड्यांवर चालायला सांगू.”

“वीस वर्षं तेच केलं. यंदा जमीनच गप्प बसवायची.”

सुतार खालून बघून म्हणाला, “अक्का, फळ्या चांगल्या आहेत. खालच्या तुळया एकेकट्या वाकतात. त्यांच्यामधे घट्ट ठोकळे बसवू, म्हणजे भार वाटून घेतील.”

ठोकळे बसले. बाहुल्या मांडून मी यांना म्हटलं, “मारा उडी.”

“अय्यो, आधी राणीला उचल.”

“मग कळणार कसं?”

यांनी डोळे मिटून उडी मारली. राणी जागची हलली नाही. हे मात्र अजून तिच्यासमोरून चवड्यांवरच जातात.