ओढ

वहिनी : धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी यांची नजर अधू झाली, तेव्हापासून गाडी मी चालवते. इतकी वर्षं नाकासमोर चालली. आताच का ओढते, तेवढं सांगा भावजी. बाकी पुराण नको.

भावजी : सांगतो ना वहिनी. चारही चाकांत हवा सारखी केली. पुढची दोन चाकं आपसांत बदलून पाहिली. टायरमध्ये खोट असती, तर गाडी दुसऱ्या बाजूला ओढायला लागली असती.

वहिनी : मग, लागली?

भावजी : नाही. मग फिरवून आणली आणि चाकांना हात लावून पाहिला. ब्रेक धरून राहत असता, तर एक चाक तापलं असतं. दोन्ही सारखीच कोमट. अलाइनमेंटच्या यंत्रावर चढवली. यंत्र म्हणतं, चाकं सरळ आहेत.

वहिनी : यंत्रच वाकडं असेल तुमचं.

भावजी : नवं आहे हो.

वहिनी : नवं म्हणजे शहाणं, असं कुणी सांगितलं? तुमच्याकडे कुणी रुसलेली बायको आणून सोडली, तरी तुम्ही ऑइल बदलून परत पाठवाल.

भावजी : हसा, हसा. पण एक गोष्ट मला खटकतेय. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधोमध फुगीर असतो. गाडी ओढलीच, तर उताराला ओढते, कडेला. तुमची ही चढाला जाते, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे. आणि मी चालवली, की कुठेच जात नाही.

वहिनी : म्हणजे मी खोटं बोलते.

भावजी : असं कुठे म्हटलं मी?

वहिनी : तुमचा पुतण्या म्हणतो. दुधाच्या टेम्पोला आरसा घासला, तेव्हापासून एकच धोशा. "आई, काकांनी दोष काढला तर ठीक, नाहीतर किल्ली माझ्याकडे." किल्ली गेली, तर शाळांचे गणवेश दुकानांत कोण पोचवणार? मशीनवर बसून शिवायचं आणि ढीग नेण्यासाठी कुणाकुणाचे पाय धरायचे? दोष काढा भावजी. नसला, तर घाला एखादा.

भावजी : दोष घातला आणि उद्या ट्रकखाली गेलात, तर? नेमकं काय होतं, ते तरी सांगा. खरं खरं.

वहिनी : हसाल.

भावजी : नाही हसणार.

वहिनी : समोरून मोठी गाडी आली, की ही तिकडेच जायला बघते. मला वाटतं, हे बोलावतायत.

भावजी : कोण?

वहिनी : कोण म्हणजे? तुमचे दादा. एकट्याला करमत नाही त्यांना. कधीच करमत नाही.

भावजी : दादा आता नाही, वहिनी.

वहिनी : मला शिकवू नका.

भावजी : बरं. गाडी काढा. मी शेजारी बसतो.

वहिनी : मागे बसा ना.

भावजी : मागून तुमचे हात दिसणार नाहीत.

वहिनी : बसा मग. पण सीट सरकवू नका. यांची आहे तशीच राहू दे.

भावजी : माझे गुडघे नाकाला लागतायत.

वहिनी : लागू देत. कोणी बघत नाही.

(गाडी मोठ्या रस्त्याला लागते.)

वहिनी : बघा! ट्रक दिसला आणि निघाली तिकडे. आता पटलं?

भावजी : सावरा, सावरा. हां. दिसलं मला. वहिनी, दादा इथे बसायचा, तेव्हा काय करायचा?

वहिनी : काय करतात? जिवाला घोर लावतात. मोठ्या गाडीचा आवाज आला, की यांचा हात स्टीअरिंगवर. "कडेला घे, कडेला घे." आणि आपल्याकडे ओढतात. झटकला, तर दिवसभर गाल फुगवून बसतात. मी मग झटकायचंच सोडलं.

भावजी : मग गाडी गटारात कशी गेली नाही कधी?

वहिनी : जाईल कशी? मी माझ्या बाजूला धरून असते ना.

भावजी : थांबा. नाही, गाडी थांबवू नका, चालू द्या. मी हात ठेवतो. असा ठेवायचा तो?

वहिनी : जरा वर. अंगठा बाहेर. आणि ओढा थोडं.

भावजी : एवढं?

वहिनी : अजून थोडं. भित्रे आहेत ते. हां.

भावजी : ट्रक येतोय. पुढे बघा.

वहिनी : गेला. अगंबाई, सरळ चालली! भावजी, काय केलंत?

भावजी : तेच, जे दादा करायचा. तो एकीकडे ओढायचा, तुम्ही दुसरीकडे धरायच्या, त्यात गाडी सरळ राहायची. आता तुम्ही एकट्याच धरताय. कुणी बोलावत नाही, वहिनी.

वहिनी : मग हात राहू द्या तसाच.

भावजी : घरापर्यंत राहू देतो. उद्या गणवेश घेऊन निघाल, तेव्हा?

वहिनी : उद्याचं उद्या.

भावजी : मी आता हात काढणार. तुमचा जरा सैल सोडा.

वहिनी : नको हो.

भावजी : मी आहे ना इथे.

वहिनी : तुम्ही आहात. पण आत्तापर्यंत पलीकडून कुणीतरी धरलंय, असं तरी वाटत होतं. भीती वाटायची, पण वाटत होतं.

भावजी : पुढे बस येतेय. काढू?

वहिनी : ...काढा.

भावजी : खांदे खाली. बोटं सैल. अजून. हां, अशी. गेली बघा बस.

वहिनी : गेली.

भावजी : गाडी कुठे जातेय?

वहिनी : कुठेच नाही. सरळ.

भावजी : किल्ली तुमच्याकडेच राहील, ते मी बघतो. पण पोरगा विचारेल, काय दोष निघाला म्हणून. काय सांगू त्याला?

वहिनी : सांगा काहीही. बेअरिंग म्हणा. तुम्हाला मात्र मी सांगते. अजून एकदाही तोंडाने म्हटलेलं नाही मी.

भावजी : म्हणा.

वहिनी : तुमचे दादा गेले, भावजी. थंडी सरत आली होती तेव्हा, सोमवारी पहाटे, झोपेत.