घर नाही त्याला खुर्ची नाही

समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या अग्निशमन पथकाच्या कॅप्टन इनेझ ब्रँट, काउंटीच्या कामातून वाट काढून आलेले पाहुणे माननीय लीलंड ओचोआ, आजच्या सत्कारमूर्ती, आमच्या टर्नस्टोन कोव्ह गावच्या नागरिक संघाच्या मावळत्या अध्यक्षा डेल्फीनबाई अव्हिला, आणि घरून खुर्च्या उचलून आणलेल्या माझ्या समस्त गावकरी मंडळींनो,

ओचोआसाहेब, दारातच तुम्ही मला हळूच विचारलंत, "ऑरिन, निम्म्या खुर्च्या रिकाम्या कशा? बाईंच्या निरोपाला निम्मं गाव आलंच नाही की काय?" त्याचं उत्तर राखून ठेवलंय. जरा दम धरा. आणि तुमची खुर्ची डुगडुगते त्याबद्दल आधीच माफी मागतो. ती कोवाल्स्कींच्या जेवणघरातली आहे. पाहुण्यानं आपली खुर्ची आणायची नाही, ती यजमानाच्या घरून यायची, असा आमचा रिवाज. आज कोवाल्स्की यजमान, तेव्हा जे नशिबात आलं ते आलं!

आता हा रिवाज का? अहो, आमचं गाव म्हणजे कागदावर गावच नाही. महापौर नाही, नगरपालिका नाही, सभागृह तर नाहीच. आग विझवायची गाडी बाहेर काढायची की हेच सभागृह. मग बसायचं कशावर? ज्यानं त्यानं घरून खुर्ची आणावी. पुढे एका कंपनीला कड्यावर हॉटेल बांधायचं होतं. त्या सभेला गुळगुळीत चेहऱ्यांची अनोळखी माणसं ट्रकभर नव्याकोऱ्या खुर्च्या घेऊन आली आणि मतदानाला हात वर करून बसली. डेल्फीनबाई उठल्या आणि एकेकापाशी जाऊन विचारायला लागल्या, "ही खुर्ची कुठल्या घरातली हो? त्या घरात रात्री झोपतं कोण?" एकालाही उत्तर देता येईना. त्या दिवशी नियम झाला, घर नाही त्याला खुर्ची नाही.

आणि बाईंनी तो पाळला म्हणजे काय पाळला! सख्खी बहीण ओल्गा लग्न करून गाव सोडून गेली, तर निघताना तिच्या हातात खुर्ची दिली. "ही घेऊन जा गं बाई. इथं ठेवलीस तर उद्या सगळेच ठेवतील." ओल्गा पुढे दोन नाताळ यांच्याशी बोलली नाही. खोटं सांगतोय का, ओल्गाताई? बघा, मान हलवतायत.

पण नियमाला धरून माणूस किती लांब जाऊ शकतो, तेही बाईंनीच शिकवलं. काउंटीच्या सुनावणीत बोलायला माणशी तीन मिनिटं. किनाऱ्यावर उतरायची आमची पायवाट बंद करायला निघाले होते. तीन मिनिटांत काय बोलणार, कपाळ? बाईंनी शोधून काढलं, की आपला वेळ दुसऱ्याला देता येतो. शाळेची बस भरून आम्ही गेलो. एकेकानं उठायचं, नाव सांगायचं, "माझा वेळ डेल्फीनबाईंना," म्हणायचं आणि खाली बसायचं. साहेब, ऐकायला तुम्हीच बसला होतात, तुमचं त्या दिवशीचं जेवण हुकलं, आठवतंय ना? पायवाट मात्र राहिली.

पायवाट राहिली, बाईंचं घर राहिलं नाही. या हिवाळ्यात लाटांनी कडा खाल्ला. आधी मागची पायरी गेली, मग स्वयंपाकघराचा ओटा. दारावर काउंटीची लाल नोटीस लागली, इथं राहायचं नाही. साहेब, तुम्हाला दोष नाही. समुद्राला नोटीस कोण लावणार?

मंगळवारी मी त्यांच्याकडे गॅस तोडायला गेलो. बाई रिकाम्या स्वयंपाकघरात आपल्या निळ्या खुर्चीवर बसलेल्या. त्यांच्या नवऱ्यानं, मॅन्युएलनं, मासेमारीच्या जाळ्याच्या दोऱ्यानं पाय आवळलेली ती खुर्ची तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हटलं, "ही राहू दे इथंच, आपल्या सभेला." त्या उसळल्याच. "लाज नाही वाटत, ऑरिन? ओल्गाला कुठल्या तोंडानं सांगू?" मग लाटांकडे बघत म्हणाल्या, "तिथं नेव्हाडात, लेकीच्या घरी, वाळवंटात, ही खुर्ची ठेवताना तिचं तोंड कुठल्या बाजूला करू रे?"

मी इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. पाना उचलला आणि बाहेर येऊन रडलो, सांगायला लाज कसली.

दुसऱ्या दिवशी माझ्या शेडमध्ये सगळे जमलो. बाईंना मुद्दाम बोलावलं नव्हतं. कोणी म्हणालं, नियमच बदलून टाकू. कोवाल्स्की म्हणाला, "बदला की! आणि मग बाईंना सांगायलाही तुम्हीच जा." सगळे हसले आणि तो विचार तिथंच सोडला.

तर डेल्फीनबाई, नियम बदललेला नाही. तुमची निळी खुर्ची तुमच्याबरोबर जाणार. मी स्वतः गाडीला बांधली आहे. उद्यापासून तुमचं इथं घर नाही, म्हणून इथं तुमची खुर्ची नाही. उद्यापासून तुम्ही पाहुण्या. आणि पाहुण्याची खुर्ची कुठून येते?

ओचोआसाहेब, आता मागे वळून बघा. गाव सगळं आलंय. घरटी दोन खुर्च्या आल्यात, एक आपली आणि एक बाईंची. दर सभेला येतील. बाई, ज्या महिन्यात जमेल त्या महिन्यात या, आवडेल त्या खुर्चीत बसा, फक्त कोवाल्स्कीची टाळा.

आणि तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर. तिकडे तुमच्या खुर्चीचं तोंड पश्चिमेला ठेवा, आमच्याकडे. इकडे तुमच्या सगळ्या खुर्च्यांची तोंडं आम्ही पूर्वेला ठेवू, रस्त्याकडे.

आभार मानायचे तर शिंपल्यांचं सूप रांधणाऱ्यांचे, आगीची गाडी पावसात उभी करणाऱ्या कॅप्टनबाईंचे आणि तुम्हा सर्वांचे. इंजिनवाल्याच्या बोलण्यात थोडं काळं तेल सांडतंच. कोणाच्या कपड्यावर डाग पडला असेल तर पोटात घाला.

कॅप्टन, माझा काही वेळ उरला असेल, तर तो मी डेल्फीनबाईंना देतो.