मुठीत धरलेलं फिल्टर

"हॅलो?… हॅलो, कोण?… जरा मोठ्यानं बोला, इकडं पिठाची गिरणी चालू हाय… दादा व्हय? बोल, बोल… मीच. दुसरं कोण उचलणार या घरात?"

उषाबाईंनी ओले हात पदराला पुसले आणि रिसीव्हर मान वाकडी करून खांद्यात धरला. मच्छिंद्रदादाचा फोन म्हणजे पिंपळगाव रेणुकाईच्या बूथावरून. नुसती खुशाली विचारायला बूथापर्यंत चालत जाणाऱ्यातला हा भाऊ नव्हता. काहीतरी अडलं असणार, हे बाईंनी पहिल्या हॅलोलाच ओळखलं.

"मजेत हाव… पोरं बी मजेत… ह्यांचं बी बरं हाय, शाळेत गेलेत… म्हैस? म्हैस बी मजेत हाय, तुझी लई आठवण काढते… दादा, तू परवाच तर हसनाबादला येऊन गेला. म्हशीची तब्येत विचारायला फोन केला का?… मंग बोल की सरळ… काय राह्यलं?… कोनाड्यात? थांब, बघते हां."

बघायचं काय होतं! सिगारेटचं ते पांढरं पाकीट त्यांना काल झाडतानाच सापडलं होतं आणि तेव्हापासून तांदळाच्या डब्यामागं पडलं होतं. तरी बाई जागच्या हलल्या नाहीत. नखाची मेंदी बघत उभ्या राहिल्या. भावाला जरा तळमळू द्यावं म्हटलं.

"हाय रे, सापडलं… अगं बाई, केवढा जीव भांड्यात पडला! माझ्या लग्नात वऱ्हाडाची गाडी चुकली तेव्हा बी इतका घाबरला नव्हता तू… जपून ठेवू म्हणजे? देव्हाऱ्यात ठेवू का? रोज हळदकुंकू लावते… बरं बरं, चिडू नको. पण तू सोडली म्हणत होता ना?… बिडी सोडली. हां, बिडी. मंग ही काय उदबत्ती हाय?… अन् डॉक्टरनं विचारलं तेव्हा काय सांगितलं?… खोटं न्हाई बोलला! व्वा रे हरिश्चंद्रा! त्यानं बिडीचं विचारलं, तू बिडीचं सांगितलं."

गुरुवारी जालन्याला दादाचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरनं बजावलं होतं, पूर्ण भूल द्यायची आहे, धूर बंद पाहिजे. छाती साफ नसली तर भुलीत गडबड होईल, आणि मागून खोकला लागला तर टाके तुटतील. परवा इथं जेवताना दादाला असा खोकला आला होता की हातातली भाकर ताटात पडली. भीती वाटली की टोमणे मारायचे, ही बाईंची लहानपणापासूनची खोड. गप्प बसल्या असत्या तर रडू आलं असतं.

"काय हाय?… हलकी? जावयानं औरंगाबादहून आणली, म्हणजे औषधच की… पुढं कापूस हाय… बरं, कापूस न्हाई, कापसावानी. मंग?… धूर गाळून येतो! चहा गाळतो तसा. दादा, चहा गाळला तर चोथा वर राहतो. चहा तर पोटातच जातो ना?… हां.

"अन् तंबाखू?… तीन जातीची. अस्सं. वरून गोड बी लावलेलं… ही तंबाखू हाय का मुरांबा? आपण तुरीच्या डाळीत लाखीची स्वस्त डाळ मिसळली का लोक भेसळ म्हणतात, अन् कंपनीनं मिसळलं का भारी माल!… काय म्हणतो? बिडी घसा खरवडते अन् ही लोण्यावानी उतरते… अरे तेच तर! खरवडलं का माणूस थांबतो. लोणी कोण थांबून थांबून खातं? बिडी तरी बिचारी शहाणी, न्हाई ओढली का आपली आपण विझते. ही बाई पेटली का बुडापर्यंत जळत जाते, तू ओढ न्हाई तर नको ओढू…

"हो, हो… ऐकून राह्यले, बोल… पहिल्यांदा काहीच लागेना… नुसती हवा… जावयाला म्हणला, हे काय पोरांचं खेळणं आणलं… मंग?… मंग मुठीत धरली?… कशी, बाबांसारखी? ते बिडी चिलमीवानी धरायचे तशी?… अन् मुठीत धरली का बराबर लागली… बिलकुल बिडीवानी. हं…"

इथं उषाबाई थांबल्या. हा माणूस बिडीसुद्धा मुठीतच ओढायचा. रानात वारं असायचं, म्हणून बापानं तशी सवय लावलेली. पण एकच वस्तू बोटात धरली तर हवा आणि मुठीत धरली तर बिडी, हे काय गौडबंगाल? वायर ताणत त्यांनी डब्यामागचं पाकीट ओढलं, एक सिगारेट काढली आणि खिडकीच्या उजेडात फिरवून बघितली.

"थांब दादा. ठेवू नको… ठेवू नको म्हणते ना!… दादा, याच्या कमरेला भोकं हायेत… न्हाई रे, उंदरानं कशाला कुरतडलं? सुईनं टोचल्यावानी, बारीक, गोल ओळीनं… कापसाच्या जागी, कागदावर… तुला चष्म्याशिवाय दिसणार हाय का? गप ऱ्हा जरा."

आजूबाजूला कोणी नाही असं बघून त्यांनी ती न पेटवताच ओठात धरली आणि ओढली. गार वारं आलं, बस. मग भोकांभोवती मूठ आवळून ओढली, तर तंबाखूचा वास थेट टाळूला जाऊन भिडला. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या कांताबाई विरजणाला वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"या कांताबाई… अहो पेटवली न्हाई!… भावाचं ऑपरेशन हाय म्हून ओढून राह्यले… तसं न्हाई हो… डोहाळे? या वयात? काही बी बोलता!… विरजण फडताळात हाय, घ्या अन् जा बाई… दादा, तू हसू नको! आता सांजपर्यंत गावभर होते बघ मी.

"ऐक. बोटात धरली तर त्या भोकातून वारं येतं, धुरात मिसळतं. म्हून ती हलकी. तू मूठ आवळून सगळी भोकं बुजवून बसला, मंग कशाची हलकी? बिडी सोडली, पण मूठ कुठं सोडली?… काय म्हणला? आता बोटात धरतो? शाबास! बोटात धरशील, काही लागेना म्हून छाती फुटेस्तोवर ओढशील, अन् एकाच्या जागी तीन ओढशील. मी तुला काय आज ओळखते का? अन् भोकं उघडी ठेवली म्हून विषाचं काय दूध होतं?…

"थांब. तो आवाज कसला?… फुस्स करून… दादा, आत्ता ओढून राह्यला का तू? फोनवर?… खिशातली शेवटची हाय. असं! म्हून म्हशीची तब्येत विचारत होता व्हय रे… दादा?… दादा!"

तिकडं खोकला सुरू झाला होता. एकदा, दोनदा, मग थांबेचना. मध्ये रिसीव्हर कशावर तरी आपटला. उषाबाईंनी डाव्या हातानं आपला रिसीव्हर कानाशी दाबून धरला. एक टोमणा सुचेल तर शपथ.

"दादा, पाणी पी… बूथवाल्याला माग… खाली बस… बसला का?… पोट धरून बसला ना? दुखतंय?… खोटं बोलू नको, तुझा आवाज कळतो मला… अन् असा खोकला टाके घातल्यावर आला तर? भुलीतच काही झालं तर?… कसं काय होत न्हाई? मला लई भेव वाटून राह्यलं रे… न्हाई, रडत न्हाई. कांदा चिरत होते… आई न्हाई, बाबा न्हाई. मला माहेर म्हणजे तूच एक हाय, अन् तू डॉक्टरला शब्दात पकडून हुशारी करून राह्यला…

"हातात हाय का अजून? विझली का?… न्हाई? मंग मूठ उघड… उघड म्हणते ना. दोन बोटात धर, भोकावर बोट ठेवू नको… धरली? ओढ. जोरानं न्हाई. हळू… काय लागलं?… काहीच न्हाई? नुसती हवा?… मंग तेवढ्यासाठी ते नळकांडं कशाला पाहिजे दादा? बूथाचं दार उघडलं तरी हवाच येते. टाक ती… टाकली?… चपलेखाली घे… घेतली? खा आईची शप्पथ… हां.

"आता ऐक. गुरुवारची वाट बघायची न्हाई. उद्या पहिल्या एष्टीनं मी भोकरदनच्या स्टँडवर येते, तू बी ये. दोघं जालन्याला जाऊ अन् डॉक्टरला सगळं खरं सांगू… रागावला तर रागावला. तारीख पुढं ढकलली तर ढकलली, हर्निया कुठं पळून चालला?… हो म्हण… ऐकू न्हाई आलं, गिरणी चालू हाय… हां, आलं.

"काय?… पाकीट?… दादा! अजून पाकिटातच जीव हाय का तुझा?… आणते की. आणतेच. डॉक्टरच्या टेबलावर ठेवते. कशी ओढत होता ते त्याला मूठ करून दाखव… हॅलो?… हॅलो, दादा?… ठेवला वाटतं."

रिसीव्हर जागेवर ठेवल्यावर बाईंच्या ध्यानात आलं, की आपला उजवा हात अजून आवळलेलाच आहे. कधीपासून आवळला होता कोण जाणे. त्यांनी मूठ उघडली, तर आत त्या सिगारेटचा भुगा झाला होता, आणि तळहाताला बिडीचा वास येत होता, लहानपणी बापाच्या हाताला यायचा तसाच.

बाई मोरीत गेल्या आणि साबण लावून हात धूत बसल्या.