होडीवाल्या मावशीचा दिवा

बायको गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्याला बारा दिवस झाले होते. ती गालाने दाबून गेम खेळायची ते बटण परत द्यायला तो अपंगांना उपकरणं देणाऱ्या केंद्राच्या रांगेत बसला होता. पुढे चाकाच्या खुर्चीतली मुलगी आईशी बोलत होती.

"हनुवटीने गेम खेळायची कांडी आजच दुरुस्त करून घे गं. मला तळ्यावर जायचंय."

"तुझ्या गेममध्ये कोण खोळंबलंय एवढं?"

"होडीवाली मावशी बारा दिवस आली नाही."

"दमली असेल."

"ती? गालाने वल्हवते, तरी माझ्यापुढे. नवऱ्याला चांदणं दाखवायला शेजारी बसवते, तर तो घोरतो म्हणे."

"मग तू काय करणार?"

"तिच्या दिव्यात तेल घालणार. विझला तर होडी वाहून जाईल."

हाक आली तरी तो उठला नाही. बटण द्यायचं राहिलं, मुलीला सांगायचंही राहिलं.